शिशाची वजनं

"जावईबापू, चाकाला घाई नसते. मोकळं सोडा, जड बाजू आपणहून खाली येते. आणि एक वचन द्या… पुढच्या चाकाची खात्री पटल्याशिवाय माझ्या लेकीला मागे बसवायचं नाही."

हे माझ्या धाकट्या भावाच्या सासऱ्यांचे शब्द. जन्मभर मोटारसायकली दुरुस्त केल्या त्यांनी. हे बोलले आणि थोड्याच दिवसांत गेले.

पुढचं सगळं देवाला स्मरून लिहितेय. भाऊ थापा मारणाऱ्यांतला नाही आणि मला खोटं पचत नाही.

रविवारची दुपार होती. भाऊ राहतो त्या सासरच्या घराची मागची खोली. एकच दार. गजांची एकच खिडकी.

दुसऱ्या दिवसापासून भावजयीची नवी नोकरी होती. रोज महामार्गाने, वडिलांच्याच गाडीवर, नवऱ्याच्या मागे बसून जायचं. म्हणून भावाने पुढचा टायर घरीच बदलला. चाकात एक्सल, म्हणजे मधला दांडा, ओवून तो दोन स्टुलांवर टेकवला. तोल पाहायला चाक फिरवलं, थांबू दिलं. जड बाजू खाली आली. तिच्या बरोबर समोर, रिमला शिशाची चिकटणारी वजनं दाबून बसवली.

आता चाक कुठेही सोडलं तरी तिथेच थांबायचं.

खुशीत तो जेवायला गेला. परत आला तर…

रिमवर वजनं नव्हती.

ती खिडकीच्या कट्ट्यावर होती. एका रांगेत.

संशय थेट घरातल्या मेव्हण्यावर गेला. गाडी वडिलांनी मुलाला न देता मुलीला दिली, हे त्याला सलत होतंच.

"काय रे, मस्करी करायला चाकच सापडलं?"

"वा भावजी! राहता सासरी, फिरता सासऱ्यांच्या गाडीवर, आणि चोर मी?"

भावाने वजनं पुन्हा लावली. दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. मग मेव्हण्याला समोर बसवून चहा घेतला. नजर त्याच्यावरून हलू दिली नाही.

आणि बंद खोलीतून…

सर्रर्र…

बेअरिंगचा आवाज. आत कोणीतरी चाक फिरवत होतं.

मेव्हण्याचा कप ओठांशीच थांबला.

मग काहीतरी सोलल्यासारखं… चर्र.

पुन्हा… चर्र.

भावाने धावत जाऊन कुलूप काढलं. आत कोणी नाही. चाक मंद फिरत होतं. वजनं कट्ट्यावर, रांगेत.

"बाबाच," मेव्हणा पुटपुटला. "कुणाचं काम चुकलं की असंच करायचे. बोलायचे नाहीत. वजनं काढून ठेवायचे."

काम चुकलं? भावाने चाक उतरवून नीट पाहिलं. टायरवरचा, फिरायची दिशा दाखवणारा बाण… उलटा होता. ओल्या रस्त्यावर ब्रेक लागला असता तर दोघंही आडवे झाले असते.

त्याने टायर काढून सुलटा चढवला. तोल साधला, वजनं लावली. या वेळी ती जागची हलली नाहीत. भावाने मनोमन सासऱ्यांचे पाय धरले. मेव्हण्याची माफीही मागितली.

झोपताना बायकोला सगळं सांगितलं. ती ताडकन उठून बसली.

"अहो, बाबा असं करायचे? कोण म्हणालं?"

"तुझा भाऊच."

"काहीतरीच! बाबांना चूक दिसली की गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. गुपचूप काही करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. तुम्ही काय कमी बोलणी खाल्लीत?"

खरंच की. मग मेव्हणा खोटं का बोलला?

पण तो तर समोर बसला होता. मग आत कोण होतं?

आणि दुसरं… भाऊ आजही शपथेवर सांगतो, पहिल्यांदा टायर चढवताना त्याने बाण पाहिला होता. तो सुलटाच होता.

इथवर आले की माझा हात थबकतो. वजनं काढणाऱ्याने त्याला वाचवलं, की टायर उलटा करणाराही तोच…?

भावाचा त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. उजाडायच्या आत तो उठला. चाक गाडीला बसवलं. बायकोचं हेल्मेट खुंटीवरच राहू दिलं.

मेव्हण्याच्या खोलीत दिवा जळत होता. दार किंचित उघडं होतं.

भावाने तिकडे पाहिलं नाही. बायकोला जाग येऊ नये म्हणून गाडी ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत नेली, आणि चाकाची खात्री करायला एकटाच महामार्गाकडे निघाला.