दोन थापा

चिखल्याच्या खाणीतून मँगनीज भरून निघालेली गाडी आधी थोडी सपाट चालते आणि मग सालईची उतरण लागते. नव्या ड्रायव्हरला मी इथेच शिकवतो. उतरणीच्या तोंडाशी गाडी पूर्ण उभी करायची, पहिला गिअर टाकायचा आणि खालपर्यंत गिअरला हात लावायचा नाही. ब्रेक थोडा दाबायचा, सोडायचा. सतत दाबून धरला तर तापतो, आणि तापला की धरत नाही. मँगनीज दिसायला थोडं, वजनाला फार. डाला, म्हणजे ट्रकचा मागचा हौदा, अर्धा भरला तरी गाडीचं वजन पुरं होतं. त्यामुळे नव्या माणसाला गाडी हलकी वाटते.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या साली आमच्या मालकांनी, भय्याजींनी, नव्या गाड्या घेतल्या आणि नवी माणसं माझ्या हाताखाली दिली.

त्याच साली पावसाळ्यात माझी बायको विमला गेली.

आम्ही खाणीच्या वस्तीत राहत होतो. सकाळी तिच्या छातीत कळ आली. वस्तीतली एकुलती जीप तुमसरला गेली होती. माझी गाडी भरून उभी होती आणि माल उतरवायला मजूर आले नव्हते. मी तिला सीटमागच्या फळीवर झोपवलं आणि निघालो. उतरणीच्या तोंडाशी गाडी उभी केली, पहिला गिअर टाकला.

"जरा जोरात घ्या ना," ती म्हणाली.

"भरलेली आहे, विमला."

तिसऱ्या वळणावर तिला बोलायलाही दम राहिला नाही. तिने केबिनच्या पत्र्यावर हाताने दोन थापा दिल्या. आमच्यात क्लीनर एक थाप मारतो तेव्हा थांबायचं, दोन मारतो तेव्हा गाडी घ्यायची. ड्रायव्हरची बायको होती, तिला हे ठाऊक होतं. मी थापा ऐकल्या. गिअर बदलला नाही. पायथ्याच्या सरकारी दवाखान्यापर्यंत ती राहिली नाही.

सगळे म्हणाले, तुम्ही बरोबर केलं. म्हणणारे सगळे ड्रायव्हरच होते.

दिवाळीच्या आसपास अंकुश नावाचा एक नवा ड्रायव्हर एकटाच गाडी घेऊन खाली आल्यावर मला म्हणाला, "उस्ताद, मागं कोण बसवलं होतं?"

"कोणी नाही. काहून?"

"थापा कोण मारून राहिलं मंग? मी तं ब्रेकवरचा पायच काढला होता. सवयीनं."

"माल सरकतो. डाल्याचा पत्रा वाजतो."

"पत्रा मोजून दोनदाच वाजते का?" तो हसला, पण पुढच्या आठवड्यात काम सोडून गेला. गावी म्हशी राखीन म्हणाला.

मग मी एकटा असताना मलाही ऐकू आल्या. तिसऱ्या वळणावर, सालईच्या पांढऱ्या बुंध्यांपाशी. आधी केबिनमध्ये बामचा वास येई, विमला कपाळाला लावायची तो. मग थापा. मी मागे वळून पाहिलं नाही आणि कोणाला सांगितलंही नाही. सांगायचं म्हणजे ती काय मागते तेही सांगावं लागलं असतं. खरं सांगायचं तर मी त्या वळणाची वाट पाहू लागलो होतो.

कुलदीपला तरी सांगायला हवं होतं. तो लाखांदूरचा, सपाट मुलखातला. ट्रॅक्टर चालवलेला, नुकतंच लग्न झालेला.

"आमच्याकडं चढ म्हणजे बांधीचा धुरा," तो म्हणायचा, म्हणजे भातखाचराचा बांध. "हर्षा म्हणते, गाडी पक्की शिकल्याबिगर घरी येऊ नोको."

"तुही हर्षा भय्याजीपेक्षा कडक दिसते."

"भय्याजी पगार तं देते ना!"

त्या दिवशी सकाळी थंडी होती. काचा बंद होत्या. कुलदीपने उतरणीच्या तोंडाशी गाडी उभी केली, पहिला गिअर टाकला. पहिलं वळण, दुसरं वळण. हात चांगला बसला होता.

मग बामचा वास आला.

दोन थापा पडल्या.

कुलदीपचा पाय ब्रेकवरून उठला. त्याने माझ्याकडे पाहिलं. "उस्ताद, घेऊ?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं.

पुन्हा थापा आल्या. या वेळी हळू, हातात जोर नसल्यासारख्या. त्या दिवशी होत्या तशाच.

"उस्ताद?"

"घे," मी म्हणालो.

त्याने दुसरा टाकला. मग तिसरा. इंजिनचा आवाज चढला. सालईची झाडं भराभर मागे गेली.

"उस्ताद, थांबून नाही राहिली!"

गिअर परत पडेना. ब्रेकचा जळका वास केबिनमध्ये भरला. कुलदीप आईला हाका मारत होता.

मागे फळीवर कोणीतरी लांब श्वास सोडला. सुटल्यासारखा.

पायथ्याशी डाव्या हाताला खाणीच्या टाकाऊ मातीचा ढीग आहे. मी स्टेअरिंग धरून ओढलं. पुढची चाकं ढिगात रुतली आणि गाडी थांबली. कुलदीपचं कपाळ काचेवर आपटलं होतं. भुवईतून रक्त येत होतं.

"तुमी घे म्हणाले, उस्ताद," तो म्हणाला. तक्रार नव्हती. नीट ऐकलं ना, एवढंच त्याला विचारायचं होतं.

"हो."

"हर्षाले नोका सांगू."

मला त्याच्याकडे बघवेना. त्याला धरून मी दवाखान्यात नेलं. तिथे सत्यवती सिस्टर होती, त्याच महिन्यात बदलून आलेली. तिने टाके घातले. मग हात धुता धुता मला म्हणाली, "बरं झालं, जोरात आणली. थोडा उशीर झाला असता तं हाती नसती लागली."

"कोण?"

"तुमची घरवाली. आत झोपवली ना, पडद्यामागं. आता बरं वाटून राहिलं तिले."

कुलदीपने कपाळावरचा कापूस तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. विमला गेल्याचं त्याला ठाऊक होतं.

"उस्ताद," तो हळूच म्हणाला, "चाला ना इथून."

मी हललो नाही. पडद्याकडेही गेलो नाही. ती विचारील, त्या दिवशी का नाही घेतली, तर मी काय सांगणार होतो?

सिस्टरने एप्रनच्या खिशातून हिरव्या बांगड्या काढून माझ्या हातात ठेवल्या.

"सलाईन लावाले काढल्या. जपून ठेवा, बाकीच्या दोन फुटल्या."

विमलाला नदीवर नेलं त्या दिवशी, सवाष्ण म्हणून, मीच त्या तिच्या हातात भरल्या होत्या. त्यांच्यासकटच तिला चितेवर ठेवलं होतं.

काच अजून गरम होती.