एक मिलिमीटर लोखंड

सकाळी दहाला कारागिरानं बाईंचं पिस्तूल हातात घेतलं. त्याच्या भाचीला नेमबाजी शिकवली ती बाईंनीच. निवड समितीनं त्यांना ‘वय झालं’ म्हणत घरी बसवलं, आणि वर्षभरात बाई वारल्याही. ठरवणाऱ्या त्या ढेरपोट्यांपैकी एकालाही समोरच्या भिंतीला गोळी लावता आली नसती. आज चार वाजता याच पिस्तुलावर भाचीची निवड चाचणी होती. वयोमर्यादेमुळे शेवटची.

पंचवीस मीटरवरून त्यानं पाच गोळ्या झाडल्या. पाचही चार बोटं खाली. या पिस्तुलाला फिरवायला स्क्रू नाही. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी कानशीनं घासून आखूड केली की गोळी वर चढते, एवढाच इलाज. घासलेलं लोखंड परत येत नाही. म्हणून ज्याचं पिस्तूल त्याच्याच हातून आधी झाडून बघायचं, हे तो तीस वर्षं जगाला बजावत आलेला. आज घाईत स्वतःच विसरला.

त्यानं घासलं. झाडलं. गोळ्या जुन्याच भोकांत.

मोजायला व्हर्नियर लावला. माशी अर्धा मिलिमीटर उतरलेली. मग गोळी का चढेना? इरेला पेटून त्यानं आणखी अर्धा घासला. नवा कागद लावला, झाडलं. दोन्ही कागद एकावर एक धरून उजेडात पाहिले.

भोकांतून आरपार उजेड आला.

तीनला भाची आली. “मामा, तोंड का पाडलंयस?”

“वाट लावली मी. माशी खाऊन टाकली.”

“तू? दुसऱ्यांना शिव्या घालणारा?”

“आता तू घाल. पण आधी झाडून बघ.”

तिनं झाडलं. पाच गोळ्या, मधोमध, एकच भोक.

कारागिरानं व्हर्नियर पुन्हा लावला. माशी एक मिलिमीटर कमीच भरली.

चाचणीत ती पहिली आली. समितीवाल्यांनी तोंडं आंबट करून सह्या ठोकल्या. मामाला हुंदका आवरेना.

“रडतोस काय, येड्या!” भाची हसली.

तेवढ्यात पंच आला. पोरगेलासा, या महिन्यातच रुजू झालेला. “ताई, अभिनंदन. पण तुमच्या कोचबाईंना सांगा, रेषेच्या आत उभं राहायचं नसतं. या वेळी सोडलं.”

मामानं भाचीकडं पाहिलं.

“हो,” ती शांतपणे म्हणाली. “सांगते.”