एकच मिनिट हं...

आधीच सांगते, ही इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट नाही. इल्वा माझ्याच घरात राहते, वरच्या खोलीत. हे सगळं तिच्या बाबतीत घडलंय. आणि शेवटचं तर मी स्वतः, या माझ्या कानांनी ऐकलंय.

हसायचं असेल तर हसा. मीही हसलेच होते.

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातली गोष्ट. स्वीडनमधलं गोथेनबर्ग. दुपारीच अंधारून यायचं आणि दिवसभर नुसती भुरभुर. या शहरात इतकी वर्षं काढल्यावर अंधाराला कोण घाबरतंय! नवरा इथलाच, सासूबाई इथल्याच. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून भांडी घासायला लागते.

तर इल्वा. पोरगी गुणाची, पण अति भिडस्त. दुकानात कुणी रांगेत पुढे घुसलं तरी हिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. ती कला आणि डिझाइनचा इतिहास शिकते. म्हणजे स्वतः चित्रं काढत नाही. कुणी काय काढलं, आणि त्याचं श्रेय भलत्यानेच कसं लाटलं, ते शोधत बसते.

तिचा प्रबंध होता डाग्नी नावाच्या एका म्हातारीवर.

डाग्नी तरुणपणी इथून जवळच्या बोरोस गावातल्या एका कापड गिरणीत नक्षी काढायची. तिच्या एका नक्षीचे पडदे पूर्वी घरोघरी होते. लाल फळांचे घोस आणि मधे लहानसे करडे पक्षी. माझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात अजून लटकतायत. पण नाव लागलं गिरणीच्या मुख्य चित्रकाराचं. डाग्नीचं नाव कुठेच नाही.

वसंतात इल्वा तिला बोरोसच्या वृद्धाश्रमात जाऊन भेटली, तेव्हा म्हातारी म्हणाली होती, "एकदा छापून आलं होतं गं माझं नाव. एका मासिकात. वर नक्षी, खाली माझं नाव. तो अंक घर बदलताना गेला. तेवढं पान एकदा दाखव मला. मग मी जायला मोकळी."

"दाखवते," इल्वा म्हणाली. शब्द दिला.

महिनोन्महिने शोधल्यावर पत्ता लागला. त्या वर्षाचे अंक एकत्र बांधलेला खंड तिच्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात निघाला! तळघरात. घरी न्यायला मनाई. तिथेच बघायचा, हवं तर पानाची प्रत काढायची.

त्या तळघरातली कपाटं रुळांवर असतात. सगळी एकमेकांना चिकटून उभी. प्रत्येकाच्या टोकाला एक चाक. चाक फिरवलं की कपाटं सरकतात आणि आत शिरण्यापुरती एक गल्ली उघडते. एका वेळी एकच. दुसरी हवी असेल तर पहिली बंद करावी लागते.

म्हणून तिथे एक पद्धत आहे. चाकाला हात लावण्याआधी हाक मारायची... "आत कोणी आहे का?"

नाहीतर आतला माणूस चेंगरायचा की!

हाक सगळेच मारतात. उत्तर सहसा येत नाही.

त्या सोमवारी आलं.

"आहे, आहे... एकच मिनिट हं."

बाईचा आवाज. दबका. तरुण की म्हातारी, काही कळत नव्हतं. उघड्या गल्लीतून आला होता. आणि इल्वाचा खंड नेमका शेजारच्या, बंद गल्लीत.

"सावकाश होऊ दे," इल्वा म्हणाली. आणि टेबलापाशी जाऊन बसली.

एक गोष्ट तेव्हाच तिच्या लक्षात आली होती. गल्लीतला दिवा... बंद होता.

तिथले दिवे माणूस हलला की आपोआप लागतात. पण वाचत स्वस्थ बसलं तर विझतातही. मग हात हलवायचा. तिला वाटलं, बाई वाचनात रमली असेल.

बराच वेळ गेला. कुणी बाहेर आलं नाही. पान उलटल्याचा आवाज नाही. खुर्ची सरकल्याचा नाही. नंतर तिचा वर्ग होता, ती निघून गेली.

मंगळवारी पुन्हा गेली. गल्ली तशीच उघडी. दिवा बंद.

"आत कोणी आहे का?"

"आहे, आहे... एकच मिनिट हं."

तोच आवाज. तोच सूर.

आता तुम्ही म्हणाल, डोकावून बघायचं ना! मीही तेच म्हटलं. संध्याकाळी आम्ही दोघी बटाटे सोलत होतो.

"अगं, दोन दिवस एका बाईसाठी ताटकळतेस? सरळ आत जायचं आणि म्हणायचं, बाई गं, आटप!"

"असं कसं म्हणणार, नंदा? ती आधी आली होती."

"आणि उद्याही तीच आधी आलेली असली तर?"

"तर उद्याही थांबेन," इल्वा म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. रांग म्हटली की या लोकांना देव दिसतो. भुताच्या मागेसुद्धा रांगेत उभे राहतील, असं मी गमतीने म्हणालेसुद्धा.

नको होतं म्हणायला.

बुधवारीही तेच झालं. आणि गुरुवारी मात्र इल्वा वैतागली. हाक मारली, उत्तर आलं, आणि पहिल्यांदाच ती चालत त्या गल्लीच्या तोंडाशी गेली.

तिची चाहूल लागताच दिवा लागला.

गल्ली रिकामी होती.

या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती पुस्तकं. पलीकडे सरळ भिंत. ना खुर्ची, ना पिशवी, ना माणूस.

तिला वाटलं, आपल्यालाच भास झाला. तरी त्या रिकाम्या गल्लीकडे बघत तिने पुन्हा विचारलं, हळूच...

"आत... कोणी आहे का?"

"आहे, आहे... एकच मिनिट हं."

हातभर अंतरावरून.

इल्वा जी पळाली ती थेट वर. वर टेबलाशी गुनेल होती, तिथली ग्रंथपाल. तोंडाने फटकळ, मनाने चांगली.

"खाली कोण आहे?" इल्वाने विचारलं.

"तू."

"माझ्याशिवाय?"

"तळघराची किल्ली माझ्याकडून घ्यावी लागते, राणी. या आठवड्यात ती तुझ्याशिवाय कुणी मागितलीच नाही. इथे तुमच्यासारखी नक्षीवेडी माणसं आहेतच किती!" मग तिचा चेहरा बघून गुनेल जरा नरमली. "काही खाल्लंस का सकाळपासून? पांढरी फटक पडलीयेस. बस, कॉफी पी."

कॉफीचा घोट घेतला न घेतला, तोच फोन वाजला.

उल्रिका होती. डाग्नीची भाची.

"तू इल्वाच ना? आत्याच्या वहीत तुझा नंबर मिळाला. अगं, आत्याचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणतात, आज-उद्या. ती सारखं कसल्या तरी पानाचं पुटपुटतेय. तुला काही माहीत आहे का?"

इल्वाला रडूच आलं. चार दिवस ती त्या पानापासून एका चाकाच्या अंतरावर बसून राहिली होती. भिडेपोटी!

"मी येते. पान घेऊनच येते. तिला म्हणावं, थांब."

ती पुन्हा खाली गेली. एकटीच. भीती वाटत होती, पण रागही आला होता. स्वतःचा जास्त.

तळघराच्या वरच्या बाजूला रस्त्याच्या उंचीवर एक छोटी खिडकी आहे. बाहेर नुकतेच दिवे लागत होते.

तिने चाक धरलं. सवयीने तोंडातून गेलंच...

"आत कोणी आहे का?"

"आहे, आहे... एकच मिनिट हं."

"माफ कर," इल्वा म्हणाली. "मला खरंच वेळ नाही. डाग्नी वाट बघतेय."

आणि तिने चाक फिरवलं.

कपाटं सरकायला लागली. गल्ली अरुंद होत गेली... अजून अरुंद... आणि मग चाक अडलं.

वीतभर फट राहिली होती.

इल्वाने वाकून पाहिलं. रुळावर काही नव्हतं. फटीत काही नव्हतं. तिने जोर लावला. चाक हलेना. पलीकडून कुणीतरी दोन्ही हातांनी रेटून धरल्यासारखं.

"सोड ना गं!" ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा कुणावर ओरडली असेल.

तिने सगळं अंग चाकावर टाकलं.

एकदम सुटलं.

कपाटं एकमेकांवर आदळली. आणि त्यानंतर... काही नाही. हूं नाही की चूं नाही. इल्वा सांगते, ती शांतता तिला त्या आवाजापेक्षा जास्त झोंबली.

शेजारची गल्ली उघडली होती. खंड जागेवरच होता. पान लगेच सापडलं. लाल फळांचे घोस, करडे पक्षी, आणि खाली ठसठशीत अक्षरांत... डाग्नीचं नाव. म्हातारी खरं बोलली होती.

इल्वाने प्रत काढली, कोटाच्या आत धरली आणि बोरोसची गाडी पकडली. वाटेत ती हसत होती म्हणे. आवाज-बिवाज सगळं विसरली होती. डाग्नीचा चेहरा कसा होईल, एवढंच डोळ्यांसमोर होतं.

वृद्धाश्रमाच्या दारात उल्रिका उभी होती. तिने नुसती मान हलवली.

इल्वाला उशीर झाला होता.

खोलीत मेणबत्ती लावलेली. खिडकी किलकिली उघडी. उल्रिका इल्वाचा हात धरून बोलत राहिली. माणूस गेल्यावर बोलतात ना, तसं.

"सोमवारपासून अशीच पडून होती बघ. डोळे मिटलेले. आम्हाला वाटायचं, संपलं. मग मी कानाशी वाकून विचारायचे, आत्या, आहेस ना गं? की लगेच म्हणायची..."

इल्वाला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"...आहे, आहे, एकच मिनिट हं. दर वेळी तेच! इथल्या मुली तर हसायच्या, म्हणायच्या, कसली घाईत आहे ही? काहीतरी शोधत असल्यासारखी वाटायची. झोपेतच."

"आणि... गेली कशी?"

"आज दुपारी. रस्त्यावरचे दिवे लागत होते बघ, तेव्हा. चार दिवस इतकी शांत होती. आणि एकदम छातीवर काहीतरी दाबल्यासारखं झालं तिला. दोन्ही हात असे पुढे केले... काहीतरी अडवत असल्यासारखे. खूप वेळ धरले होते गं. कुठून आली एवढी ताकद, कोण जाणे. मग सुटले."

इल्वाने ते पान डाग्नीच्या हाताखाली ठेवलं. थोडा वेळ बसली. मग उचलून परत घेऊन आली. तिथे ठेवून यायला हवं होतं का? मला माहीत नाही. तिलाही माहीत नाही.

त्या रात्री माझ्या स्वयंपाकघरात ती हमसून हमसून रडली.

"ती शोधायला आली होती, नंदा. शेजारच्याच गल्लीत होतं. एकच मिनिट मागत होती."

"वेडी आहेस का? म्हातारं माणूस, वय झालेलं..." असलंच काहीतरी मी बोलले. दुसरं काय बोलणार?

पुढे प्रबंध झाला. गुण उत्तम मिळाले. त्यात डाग्नीचं नाव आहे, ते पानही आहे. इल्वा मात्र तळघरात पुन्हा गेली नाही. काही हवं असलं तर गुनेल कुरकुरत जाते आणि आणून देते. गुनेलला म्हणे कधीच कुणी ओ दिली नाही.

इथवर सगळं ठीक होतं. मी मनाची समजूत घातली होती.

मग यंदा डिसेंबरात, लुसियाच्या सणाच्या आदल्या रविवारी मी केशराचे पाव भाजले. दोन गरमागरम आणि कॉफी घेऊन वर गेले. इल्वाच्या खोलीचं दार लोटलेलं. हात अडकलेले, म्हणून कोपराने वाजवलं.

"आहेस का गं आत?"

"आहे, आहे... एकच मिनिट हं."

मी उभी राहिले. पोरगी कपडे बदलत असेल.

खाली बाहेरचं दार उघडलं. बुटांवरचा बर्फ आपटल्याचा आवाज आला.

"नंदा, मी आले गं! काय मस्त वास सुटलाय!"

इल्वा खाली होती.

मी ट्रे खाली ठेवला. ते पान त्याच खोलीत आहे. टेबलावर, खिडकीपाशी, जिथे उजेड बरा असतो.

इल्वा जिना चढून वर आली. माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. तिला काही सांगावं लागलं नाही. आम्ही दोघी तिथेच पायरीवर बसलो. ती माझा हात घट्ट धरून होती. पाव गार झाले, कॉफी गार झाली. दार आम्ही उघडलं नाही.

इल्वा आता खाली सोफ्यावर झोपते. मी रोज एकदा वर जाते आणि दाराबाहेरून हाक मारते. उत्तर येतंय तोवर दाराला हात लावायचा नाही, असं आम्ही ठरवलंय. या खेपेला डाग्नीला घाई करायची नाही.

आज सकाळीही उत्तर आलं.