दुसऱ्या कडव्यावर अडलेली मोहिनी

गाणं पुन्हा तिथंच अडलं. दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीवर मोहिनीचा गळा भरून आला, आणि... भिंतीपलीकडून कुणीतरी ती ओळ पेटीवर पुरी केली!

वर्ध्याच्या त्या विहारात एका खोलीत जपानी भाषेचा वर्ग चालायचा आणि शेजारच्या खोलीत भीमगीतांची तालीम. मोहिनीला जपानमधल्या वृद्धाश्रमात तीन वर्षांची नोकरी हवी होती. शुक्रवारी व्हिडिओवर मुलाखत होती आणि तिथल्या आजी-आजोबांचं लाडकं, आईवरचं एक जुनं जपानी गाणं म्हणून दाखवायचं होतं. ऐकणाऱ्यांनी खुशाल डोळे पुसावेत, पण गाणारीच रडायला लागली तर नोकरी कोण देणार?

ती तरातरा शेजारी गेली.

"माही ओळ तुम्ही काऊन वाजवता?"

"तुम्ही सोडून देता म्हणून." पेटीवाल्यानं मान वर केली आणि त्याची बोटं जागच्या जागी थांबली. "मी धम्मदीप. चार दिवसांपासून ऐकून राह्यलो. अर्ध्या ओळीवर जेवण जात नाई मले."

"मग उपाशी राहा."

बोलली खरी, पण दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर पाय आपसूक तिकडेच वळले. त्यानं चाल धरली, ती मात्र लग्नाच्या घाईनं.

"हळू... आई हाये ती, वरात नाई!"

तो हसला, मग हलकेच म्हणाला, "रडता काऊन पण?"

"आई आठवते. देवळीले एकटीच राह्यते. कापूस वेचून आली का ओटीतून बोरं काढून द्यायची. बोरांले कापूस चिकटलेला असे... तसाच खायचो आम्ही."

धम्मदीपनं पेटीचा भाता मिटला. "माही आई मी सहा महिन्यांचा असताना गेली. मावशीनं वाढवलं. गाणं गोड हाये, पण मले त्यात कोणीच दिसत नाई. तुमची आई सांगा न थोडी."

मग रोज मोहिनी आई सांगत गेली – तिचं चिडणं, तिचा चहा, तिची चुकीची बेरीज. तो ऐकायचा आणि तिच्याकडे बघतच राहायचा. सांगता सांगता तिचा गळा मोकळा झाला. शुक्रवारी गाणं अखंड झालं आणि नोकरी मिळाली.

धम्मदीप एवढंच म्हणाला, "अभिनंदन."

मोहिनीला जेवण जाईना, बॅग भरता भरेना. निघायच्या आदल्या सकाळी तिनं त्याला विहाराच्या पायरीवर गाठलं.

"तीन वर्षं चालली मी. काहीच बोलायचं नाई?"

"बोलायचं हाये. पण मी बोललो अन् तुम्ही थांबल्या तर? तुमच्या आईनं जन्मभर कापूस वेचला, तो काय माह्यासाठी?"

"मी थांबणार नाई."

"मग बोलतो... मले तुम्ही लय आवडता."

तिला हसूही आलं, रडूही आलं. ती एकदम 'तू'वर उतरली. "तूही मले आवडते. दर रविवारी देवळीले जेवायले जाजो. एकटी असली का आई नुसत्या चहावर राह्यते."

"कोणत्या नात्यानं जाऊ? काय म्हणू त्याइले?"

"आई म्हणजो."

तो शब्द त्यानं आजवर कुणालाच म्हटला नव्हता. मावशीलाही तो मावशीच म्हणायचा. धम्मदीपचे ओठ हलले, थांबले. मोहिनी वाट बघत राहिली.

"आई..." त्यानं हळूच म्हणून पाहिलं, आणि या वेळी गळा त्याचा भरून आला.