न पुसलेला आदेश

साकोलीच्या हातमाग सोसायटीत अनुप पहिल्यांदा शिरला, तेव्हा रेणूने त्याला पंखेवाला समजून स्टुलावर चढवलं. त्यानेही मुकाट्याने पंखा सुरू केला, हात झटकले... आणि मग सांगितलं, की तो कॉम्प्युटरवाला.

लुगड्याच्या काठाची नक्षी पडद्यावर काढायचा प्रोग्राम त्याचाच. रेणूने ‘करवत ८’ टाइप केलं, की करवतीचे आठ दात उमटत. पण पुढे ‘फूल ३’ म्हटलं, की फुलांआधी पुन्हा आठ दात हजर. काम झालेला आदेश प्रोग्राम पुसतच नव्हता. जुना नव्याला चिकटून राही. अध्यक्ष यादोरावांनी शुक्रवारची मुदत दिली होती. काठ जमला नाही तर मशीन परत, त्यावरचं रेणूचं काम बंद, अनुपचं येणंही बंद. यातलं शेवटचं यादोराव बोलले नव्हते. ते रेणूने मनातच जोडलं होतं.

अनुप भंडाऱ्याहून चारदा आला. थोडं सुधारायचा, चहा प्यायचा, बस धरायचा. पंखेवाल्याची चूक सोडली, तर रेणू माणसं बरोबर जोखायची. दहा मिनिटांत पंखा लावणाऱ्याला इथेच इतका वेळ का लागावा?

शुक्रवारी त्याने आजवर टाइप झालेल्या आदेशांची यादी उघडली, आणि रेणू खुर्चीतून उठलीच. न समजलेलं प्रोग्राम फेकून देतो, या भरवशावर ती होती. पण तिथे करवत, फूल, करवत... आणि मध्येच, ‘अनुप कधी येणार’. खाली उत्तर : ‘आदेश समजला नाही’. असं अकरा वेळा.

अनुपचे कान लाल झाले. “हे... पुसून टाकू?”

रेणूने मान खाली घातली नाही. “करवत पुसा, फूल पुसा. हे राहू द्या. समजूनच लिवलं हाये मी. तुमी सांगा, एवढ्याशा कामाले चार खेपा कायले?”

“पहिल्याच दिवशी जमलं होतं,” तो कीबोर्डला म्हणाला. “मले परत यायचं होतं...”

“आन माह्यं काम गेलं असतं तं?”

“म्हणून तं आज पुरं करून राहिलो.”

त्याने दोन ओळी लिहिल्या. आदेश पाळून झाला की पुसायची ओळ तिला दाखवली. दुसरी दाखवली नाही. काठ सरळ उमटला. यादोराव मान डोलावून गेले. अनुपही पिशवी घेऊन दारापर्यंत गेला.

रेणूने बाराव्यांदा तेच टाइप केलं, ‘अनुप कधी येणार’. या वेळी पडद्यावर वेगळंच उत्तर उमटलं :

‘रविवारी. आईला घेऊन.’

तिची ओळ पुसली गेली. जागा कोरी, वाट पाहणारी. तिने एकच शब्द ठोकला — ‘या’.

‘आदेश समजला नाही,’ प्रोग्राम म्हणाला.

दारात मघापासून पडद्यावर डोळा ठेवून चपलेचा एकच पट्टा लावत उभ्या असलेल्या माणसाला मात्र तो समजला.