कोरड्या रेनकोटाची मुदतवाढ

विट्याच्या माळावर, भर उन्हात, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पिवळाधमक रेनकोट घालून प्रांजल उभी होती. पायाखाली फुफाटा, डोक्यावर लख्ख आभाळ. सोबतचे सहकारी जेवायला गावात गेलेले, आणि दगडाला टेकवलेला मोबाईल वारा दर वेळी उताणा पाडत होता. तेवढ्यात बुलेटवरून एक तरुण माळ चढून आला. थांबला. आधी आभाळाकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"जरा फोटो काढता?" ती म्हणाली.

"काढतो की. पण मॅडम... पाऊस कुटं लागला तुमाला?"

"लागला नाही, हेच तर दाखवायचंय."

त्यानं एकाला चार फोटो काढले. चौथ्यात ती हसली होती.

"हा नको. सरकारी कामाला हसरा चालत नाही."

"मग ह्यो मी ठेवून घेतो—"

"मोबाईल माझा आहे."

"हां... ते बी हाय."

वीरधवल त्याचं नाव. माळाचे मालक नानासो, त्यांचा हा नातू. मदुराईत त्यांचं गलाईचं, म्हणजे सोनं गाळायचं दुकान. भाच्याच्या बारशाला गावी आला होता. आता तो तिच्यामागच्या घराएवढ्या थाळीकडं बघत होता.

"एवढ्या परातीत जेवतंय कोण?"

"उपग्रह," प्रांजल म्हणाली, आणि हसू दाबत तिनं सगळं सांगितलं. फोन-टीव्हीचे संदेश पोचवणारा नवा उपग्रह नुकताच वर गेला होता. आपल्या कायमच्या जागी जाण्याआधी त्याला आभाळात एका हंगामी जागी उभा करून तपासायचं असतं. तेवढ्यापुरती तात्पुरती परवानगी मिळते, आणि ती संपत आली होती. बाकी चाचण्या झाल्या, एकच उरली — भर पावसातून संदेश नीट येतो का? बंगळुरूच्या तिच्या ऑफिसातल्या साहेबांनी नकाशात महाबळेश्वर आणि विटा वीतभर अंतरावर पाहिले, अन् दोन्ही गावं एकाच पावसात भिजतात असं ठरवून टाकलं! विट्यात ढग यायचे ते पाहुण्यासारखे. उंबऱ्यात उभे राहून ख्यालीखुशाली विचारायचे आणि चहाला न थांबता पुढच्या गावाला जायचे.

"म्हणून मुदतवाढ मागायचीय. फोटो हा पुरावा."

मुदतवाढ! हा शब्द तिच्या घरात वरणभातासारखा शिजायचा. वडील हंबीरराव फौजेत सुभेदार. साताऱ्याला सुट्टीवर आले, की परत जायच्या आधी पलटणीला ठरलेला निरोप जायचा — आई सिरीयस, सुट्टी वाढवून मिळावी. आई, म्हणजे प्रांजलची आज्जी, तेव्हा अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली असायची. म्हातारीला एवढ्यांदा मरणाच्या दारात नेऊन आणलं, की यमाच्या रेड्यानं तिच्या घराची वाट पाठ केली म्हणतात. पण वाढवलेली सुट्टीही संपायचीच. एसटी दिसेनाशी झाली तरी प्रांजलची आई फाट्यावर उभी राहायची. तेव्हाच पोरीनं ठरवलं होतं — मुदतीवर येणाऱ्या माणसात जीव गुंतवायचा नाही.

आणि हा गडी तर बारशाला आलेला! पण रोज माळावर हजर. कधी ताकाचा तांब्या, कधी उकडलेल्या शेंगा, कधी नुसतंच "नानासोंनी विचारलंय, परात बरी हाय का?" नानासोंना बिचाऱ्यांना याचा पत्ताही नव्हता. एकदा शेंगा सोलता सोलता तिनं त्याला सुभेदारांच्या सुट्ट्या आणि फाट्यावरची आई सांगून टाकली. येताना तो आभाळाकडं बघायचा, ढग नसले की खूश व्हायचा... आणि तेही तिच्या नजरेतून सुटत नव्हतं.

मुदतवाढीचं उत्तर येईना. प्रांजलचा चेहरा उतरला. चाचणी राहिली असती तर तिची ही पहिलीच मोहीम अपुरी ठरली असती. त्या दिवशी वीरधवल ताक न घेताच आला.

"पाऊस हितं येत न्हाई, तर आपुन जाऊ की त्येच्याकडं. तुमच्याकडं उचलून न्यायची छोटी परात बी हाय न्हवं? का तिलाबी परवानगी लागती?"

"नुसतं ऐकायला नाही लागत," प्रांजल सावकाश म्हणाली. हे आधी का सुचलं नाही? आणि सुचल्यावर छातीत हे काय टोचलं? चाचणी झाली की मी जाणार, हे याला कळत नाही का... का कळतंय?

मोठी थाळी सहकाऱ्यांवर सोपवून दोघं नानासोंच्या जीपनं निघाले. महाबळेश्वरात असा पाऊस, की बेडूकसुद्धा हॉटेलात खोली मागत होते. स्ट्रॉबेरीच्या एका रिकाम्या वाफ्यात वीरधवल छोटी थाळी दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. प्लास्टिकखाली लॅपटॉप घेऊन प्रांजल ओरडली, "हलू नका!"

"हलत न्हाई... पर शिंक आलीया!"

"थांबवा तिला!"

"ती काय माझं ऐकतीया व्हय?"

प्रांजलनं पुढं होऊन रेनकोट त्याच्याही डोक्यावर ओढला. पिवळ्या उजेडात दोघांचे श्वास एक झाले. शिंक कुठल्या कुठं पळाली. पडद्यावरची रेघ थरथरली... आणि टिकली. चाचणी पार पडली.

परतीला पसरणीचा घाट उतरताना ती एकदम म्हणाली, "एवढी घाई होती मला घालवायची?"

त्यानं जीप कडेला घेतली. "अडलेलं माणूस थांबतं, त्येला थांबणं म्हणत न्हाईत. आता तुमी सुटला. आता थांबलात... तर खरं."

तेवढ्यात मोबाईल वाजला. मुदतवाढ मंजूर! काम संपल्यावर! प्रांजल डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"परत करायची?" त्यानं विचारलं.

"करायलाच हवी. उपग्रह आता आपल्या जागी निघेल." ती बाहेर बघत म्हणाली, "तुम्हीही जाल मदुराईला. बारसं संपून भाचा रांगायला लागला असेल."

"जाणारच. पर आमच्यात गलाईवाला बायकूला फाट्यावर उभी करून जात न्हाई. बिऱ्हाड, चटणीचा डबा, समदं संगं. जितं भट्टी तितं घर." तो स्टिअरिंगवरचं पाणी उगाच पुसत राहिला. "आन् बंगळुरात चुलत्याचं दुकान हाय... कवाधरनं बोलावतोय."

प्रांजलनं फोन लावला. स्पीकरवर.

"आप्पा, काम संपलं, सुट्टी टाकतेय. साताऱ्याला घरी येते."

निवृत्त झाले तरी सुभेदारच ते. "कारण?"

"आज्जी सिरीयस."

"अगं, ती हितं माझ्याशेजारी पान कुटतीया! खरं कारण सांग."

प्रांजलनं फोन वीरधवलपुढं धरला. तो सावरून बसला.

"नमस्कार सुभेदारसाहेब. कारण... मी हाय."

पलीकडं फक्त खलबत्ता वाजत होता.

"सुट्टी किती?" हंबीररावांनी दरडावलं.

वीरधवलनं प्रांजलकडं बघितलं. ती चौथ्या फोटोतलं हसली.

"कायमची मिळती का, बगा की."

खलबत्ता थांबला. आज्जीचा खणखणीत आवाज आला:

"मंजूर कर रं! माझ्या नावावर तू लय सुट्ट्या खाल्ल्यास!"