दुसऱ्या चॅनलवरचा तोताराम

अंधारात, उंचावर टांगलेल्या माणसानं विश्वास कोणावर ठेवायचा, सांगा बरं? ओळखीच्या आवाजावर? स्वप्नील, तू नेटचा धंदा टाकतोयस म्हणून विचारतो. लगेच मान हलवू नको.

असोद्याचा अभिमन, केबल माझ्याच दुकानातून नेतो. गावाला इंटरनेट देतो. केळीच्या मळ्यात त्याचा टॉवर, दुसरं टोक शहरात मेहरूणला एका गच्चीवर. मधे तार नाही, डिशसमोर डिश. गिऱ्हाईक वाढलं तसा संध्याकाळी नेटचा जीव जायला लागला. म्हणून पहिल्याला दुसरा चॅनल जोडायचं त्यानं ठरवलं. मी शाळेत फार टिकलो नाही, पण त्यानं मला माझ्या भाषेत समजावलं.

"नाना, केळीचा माल दोन ट्रकांत भरायचा, दोन रस्त्यांनी काढायचा, पलीकडे उतरवून एकच रास लावायची. घेणाऱ्याला कळतही नाही, कुठला घड कुठल्या ट्रकनं आला."

"आणि मधेच कोणी तिसऱ्यानं घड टाकला तर?" मी चेष्टेनं म्हटलं. तो हसला.

दिवसा टॉवरला हात लावला की गाव ओरडतं, म्हणून काम रात्रीचं. गेल्या भोगीची रात्र. उजाडलं की संक्रांत, पतंगांचे व्हिडिओ पाठवायला सगळे तुटून पडणार. मेहरूणच्या टोकाला त्याचा भागीदार तोताराम. धुळ्याकडचा गडी, अहिराणीशिवाय तोंड उघडत नाही. रीत अशी, की एकानं डिश हलवायची, समोरच्यानं सिग्नलचा आकडा सांगायचा.

साडेअकराच्या सुमारास अभिमन वर चढला. कमरेचे दोन्ही पट्टे लोखंडाला अडकवले. नव्या डिशमागचा नवा रेडिओ, म्हणजे सिग्नल फेकायचं यंत्र, चालू केला आणि तेवढ्यात कानातल्या इयरफोनमधे फोन वाजला. नव्या रेडिओच्याच नेटवरून. तोतारामचा.

"चढना का भाऊ वर?"

"चढलो. बोटं गळाली थंडीनं. तू मस्त घोंगडी घेऊन बसला असशील."

"आकडा सांगस. डावीकडे ले."

अभिमननं डिश सरकवली.

"चढी ऱ्हायना आकडा. आखो जरासं."

तो वाकला. पट्टे ताणले गेले.

"हात पुरत नाही रे."

"एक पट्टा सोड."

त्यानं सोडला. आणखी वाकला.

"आखो... आखो... दुसराबी सोड. एवढंसंच तं शे."

बोटं कडीवर गेली... आणि खिशात फोन थरथरला. साधा कॉल. नाव, तोताराम.

त्यानं घेतला.

"भाऊ, मी आजून खालेच शे. गच्चीना जिनानी चावी भेटनी नही. रेडिओ खोकामाच शे. थांबजो."



हा कॉल घेतल्यावर पहिला थांबायला हवा होता. थांबला नाही.

"त्यानं आयकू नको. मीच तोताराम शे."

"भाऊ? कोणशी बोली ऱ्हायना?"

"सोड."

"भाऊ!"

"सोड सांगस ना!"

आवाज एकच. दम लागायची तऱ्हा तीच. कडी अर्धी उघडलेली...

अभिमन धंद्याचा माणूस. त्यानं आवाज तोललाच नाही. कोण काय मागतंय, तेवढं पाहिलं. एक म्हणतो थांब. दुसरा म्हणतो सोड. त्यानं कडी लावली. दुसरा पट्टाही अडकवला. नव्या रेडिओची वायर उपटली.

कान शांत झाले.

वारा नाही. मळ्यात पान हलत नाही.

मग तोच आवाज आला. कानातून नव्हे...

खालून. टॉवरच्या पायाशी.

"कितला येळ धरशी, भाऊ?"

...

"मी खालेच शे."

तो उतरला नाही. रात्रभर लोखंडाला मिठी मारून राहिला. उजाडल्यावर खरा तोताराम चार माणसं घेऊन आला. अभिमनची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

नवी डिश अभिमननं मेहरूणच्या दिशेला ठेवली होती, शपथेवर सांगतो तो. सकाळी तिचं तोंड सरळ खाली होतं. जमिनीकडे. बोल्ट असे आवळलेले, की तोतारामनं पान्याला दोन्ही पायांनी रेटा दिला तरी हलले नाहीत. आजही तशीच आहे. जाऊन बघा. दिवसा.

आणि स्वप्नील, एवढं माझं ऐक. तिकडून नेट किती निघालं, इकडे किती पोचलं, याचा हिशेब खरा ठेव. कमी भरलं तर लिही. जास्त पोचलं, मधेच कोणी घड टाकल्यासारखं... तर तेही लिही. खोडू नको.